एकोणतिसावी नोंद

गाइडच्या राज्य पुरस्काराला कॉलेज प्रवेशात किती गुण मिळतात, हा प्रश्न चित्राकाकूंनी वेबिनारच्या चॅटमध्ये तीनदा लिहिला. तिसऱ्या वेळी समुपदेशक बाईंनी उत्तर दिलं, "प्रमाणपत्राला शून्य. प्रमाणपत्रं सगळ्यांकडेच असतात. पण मुलीनं एखादं काम सलग, स्वतःच्या हातानं केलं असेल आणि त्याची मूळ वही असेल, तर त्यासाठी वीस गुण ठेवलेत."

माइक बंद आहे की चालू, हे न बघताच काकू म्हणाल्या, "शून्य? मग आठ वर्षं ते निळे कपडे कशाला इस्त्री करत बसले मी?"

त्यांची मुलगी अंतरा हसली. मीही हसले. जूनचा दुसरा आठवडा होता. कुवेतमध्ये, सलवातल्या आमच्या इमारतीत काकूंचं कुटुंब चौथ्या मजल्यावर राहतं, आम्ही दुसऱ्या. मी पुण्याहून पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून परत आले होते आणि मनासारखी नोकरी मिळेपर्यंत अंतराच्याच शाळेत प्रयोगशाळा सांभाळत होते. शाळेच्या गाइड पथकातल्या मुलींचे विज्ञानाचे बॅज तपासणं हेही माझ्याकडे होतं. अंतरा नुकतीच बारावी झाली होती. तिला वेबिनार घेणाऱ्या, पुण्याजवळच्या खासगी विद्यापीठात हवामानशास्त्र शिकायचं होतं. तिथली शेवटची फेरी ऑगस्टमध्ये होती. तिला अठ्ठ्याहत्तर टक्के होते. तेवढ्यावर तिथे जागा मिळत नाही. त्या वीस गुणांपैकी पंधरा मिळाले तर मिळते. हिशोब मीच करून दिला.

"हवामानाचा बॅज घे," मी तिला म्हणाले. "तीस दिवस, रोज एकाच वेळी तापमान आणि आर्द्रता. वही मी तपासून सही करीन."

तिनं प्लायवूडची झडपांची पेटी बनवली, पांढरा रंग दिला आणि बाल्कनीत ठेवली. पहिल्या तीन दिवसांचे आकडे बघून मी तडक वर गेले. पेटीपासून दीड मीटरवर एसीचं यंत्र गरम हवा फेकत होतं. मी तिन्ही नोंदींवर लाल रेघ मारली.

"ताई, सीरियसली?"

"ही एसीच्या हवेची नोंद आहे. कुवेतच्या हवेची नाही. उघडी जमीन हवी."

उघडी जमीन नीलेशकाकांनी शोधली. काका, म्हणजे अंतराचे बाबा, एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहेत. जहराकडे त्यांच्या कंपनीचं सांडपाण्याच्या वाहिनीचं काम चाललं होतं. साइट ऑफिसच्या मागे मोकळी जागा होती. पेटी तिथे उभी राहिली. सकाळी काका अंतराला गाडीतून घेऊन जायचे, ती थंड पोर्टाकॅबिनमध्ये बसून अभ्यास करायची, साडेबाराला बाहेर येऊन नोंद घ्यायची. शुक्रवार सुट्टी.

जाण्याआधी मी तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. पेटीजवळ गाडी चालू असेल, कोणी पाणी मारलं असेल, माणसं उभी असतील, जे जे आकड्यावर परिणाम करू शकतं ते लिहायचं. जे दिसलं ते. का घडलं ते नाही.

अंतरानं हे तंतोतंत पाळलं. रोज पावणेएकच्या आसपास ती वहीच्या पानाचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवायची. "जेसीबी चालू, उत्तरेला सहा मीटर." "चरात पाच माणसं, फावडी." "चरात तीन माणसं, पाइप उतरवतायत, धूळ." मी आकडे बघायची, वाऱ्याची दिशा बघायची आणि अंगठा पाठवायची.

कुवेतमध्ये उन्हाळ्यात सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करवून घ्यायला बंदी असते. हे मला माहीत होतं. इथे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. तो नियम काकांच्या केबिनच्या दारावर चार भाषांत चिकटवलेला आहे, असं अंतरानंच मला सांगितलं होतं. तरी साडेबाराच्या नोंदीत फावडी काय करतायत, असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. मी वही हवामानाची म्हणून वाचत होते.

सतरा जुलैला, गुरुवारी, एकोणतिसावी नोंद आली. ती इंग्रजीत होती. मराठीत अशी होते:

ठरलेली वेळ १२:३०. प्रत्यक्ष वेळ १२:४१. तापमान ४९.६. शेरा: चरात चार माणसं कामावर होती. त्यातला हिरवा रुमाल बांधलेला माणूस पेटीच्या सावलीत येऊन बसला, मग आडवा झाला. बाकीच्या तिघांनी त्याला उचलून पांढऱ्या पिकअपमध्ये ठेवलं. पेटीजवळ गर्दी असल्यामुळे अकरा मिनिटं थांबले. पेटीच्या पायाशी पाणी सांडलं आहे. आजची आर्द्रता ग्राह्य धरू नये.

मी उत्तर पाठवलं, "उत्तम शेरा. आर्द्रता वगळ." पुढे अंगठा.

रविवारी संध्याकाळी नीलेशकाका आमच्याकडे आले. आई-बाबा बाहेर गेले होते. काका नेहमीसारखे मोठ्यानं बोलत आत आले नाहीत. चपला काढून खुर्चीच्या कडेवर बसले.

"उर्वी, अंतराची वही जरा गचाळ झालीये गं. घामाचे डाग, खाडाखोड. विद्यापीठाला असं पाठवायचं? म्हटलं फेअर करून घेऊ."

"मूळ वही मागितलीय, काका."

"अगं, फेअर तीच मूळ. तू जर्नल लिहिलंस ना एम.एस्सी.ला? रफ वही कधी कोणी एक्झामिनरपुढे ठेवलीय? माझं तर अख्खं जर्नल माझ्या पार्टनरनं लिहिलं होतं, अक्षर चांगलं म्हणून." ते हसले. मग म्हणाले, "आकडे तेच राहतील. फक्त तो शेऱ्याचा रकाना काढून टाकू. फापटपसारा आहे नुसता."

"गुरुवारी तो माणूस पडला, तो बरा आहे का?"

त्यांनी एका हाताच्या अंगठ्यानं दुसऱ्या हाताची नखं पुसली. "चौकशी चालू आहे. कंपनीचं आहे ते. पोरीच्या ॲडमिशनमध्ये कशाला? आणि हे बघ, रोजच्या शीटवर 'दुपारची विश्रांती पाळली' म्हणून सही माझी असते. माझ्याबरोबरच्या चौघांच्या सह्याही तशाच असतात. उद्या माझी नोकरी गेली तर इथं राहायचा इकामा जातो. माझा, काकूंचा, अंतराचा, सगळ्यांचा. साठ दिवसांत सामान बांधून निघायचं. वय काय माझं आता?"

मी फोन टेबलावर उपडा ठेवला.

"फोटो असतील तुझ्याकडे. काढून टाक."

"बघते," मी म्हणाले.

त्यांना मी लहानपणापासून ओळखते. पाचवीत मला भिंगाचा पहिला संच त्यांनीच आणून दिला होता. शिवाय फेअर करणं हा शब्द त्यांनी वापरला होता, आणि तो माझ्या चांगल्या ओळखीचा होता. आम्ही सगळ्यांनी प्रयोगाच्या वह्या तशाच लिहिल्या होत्या. आलेखावर न बसणारा बिंदू फेअर वहीत कधीच नसायचा, आणि त्याखाली "सर्टिफाइड" असा शिक्का असायचा.

मंगळवारी अंतरा नवी वही घेऊन आली. निळी शाई, पट्टीनं आखलेले रकाने, एकही डाग नाही. मी पान पान उलटत गेले. सतरा जुलैला वेळ बारा एकेचाळीस अशीच होती.

"बाबा म्हणाले टाइमपण फिक्स कर," ती म्हणाली. "आय वोंट. वेळ मी बदलणार नाही. मी साडेबाराला रीडिंग घेतलंच नाहीये, ताई."

"ठीक आहे," मी म्हणाले आणि तिसाव्या नोंदीखाली सही केली. नाव, पद, तारीख.

तो मेला आहे, हे मला बुधवारी कळलं.

आमच्या इमारतीखाली हुसेनचाचांची बकाला आहे, म्हणजे किराणा. ते कोकणातल्या म्हसळ्याचे. मी पहिलीत होते तेव्हापासून ते मला पावाबरोबर एक गोळी फुकट देतात, आणि अजूनही देतात. बुधवारी त्यांनी गोळी दिली नाही. पाव पिशवीत घालताना म्हणाले, "बाय, तुला एक विचारू? चौथ्या माळ्यावरची पोर, अंतरा, ती थर्मामीटर घेऊन जहराला जायची ना?"

"हो."

"माझा भाचा होता तिथं. अबरार. जमिलाचा पोरगा, माझ्या बहिणीचा. फोनवर सांगायचा, मामू, एक मराठी पोरगी रोज दुपारी येते, पेटीत बघते आणि वहीत लिहिते. आम्ही तिला वेधशाळा म्हणतो." ते किंचित हसले आणि ते हसू चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं. "गुरुवारी गेला तो. बावीस वर्षांचा होता."

मी पिशवी हातात धरून उभी राहिले.

"कंपनी म्हणते, तो सकाळपासून कामावर नव्हताच. त्याच्या नावावर तगय्युब टाकलाय. पळून गेला असा कागद. पळाला आणि कुठं तरी उन्हात पडला, असं. आमचा अबरार पळणारा नव्हता गो. त्याच्या आईला गावात लोक विचारतात, पोरगा काम सोडून कुठं गेला होता? दारू प्यायला गेला होता काय?" त्यांनी काउंटरवरचा पावाचा चुरा हातानं गोळा केला. "बरोबरची पोरं घाबरलीत. एकाला दुसऱ्या साइटवर पाठवलं, दोघांचे फोन लागत नाहीत. त्या वहीत काय लिहिलंय, बाय? तू तिची मास्तरीण ना?"

"फक्त तापमान असतं त्यात, चाचा," मी म्हणाले.

"फक्त तापमान," ते म्हणाले. मान हलवून त्यांनी माझे पैसे घेतले.

जिना चढताना मी माझं उत्तर बरोबर की चूक ते मनात तपासलं. फेअर वहीत खरंच फक्त तापमान होतं. वाक्य बरोबर होतं. घरी येऊन मी फोनमधले तीस फोटो उघडले आणि मोजले. बावीस दिवस चरात माणसं होती.

मी ते काढून टाकले नाहीत. कोणाला दाखवलेही नाहीत.

मुलाखत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी पाच वाजता, काकांच्या दिवाणखान्यात झाली. विद्यापीठानं कळवलं होतं की कामाची वही तपासणारी व्यक्ती उपलब्ध असावी, म्हणून मी अंतराशेजारच्या खुर्चीवर बसले. लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा जागी, काका आणि काकू बसले. काकूंच्या हातात सोललेलं पण न खाल्लेलं संत्रं होतं.

पडद्यावर तीन प्राध्यापक होते. मधल्या बाई प्रमुख होत्या, पन्नाशीच्या, बारीक फ्रेमचा चष्मा. त्यांनी अंतराला झडपांची पेटी का लागते ते विचारलं, ओल्या फुग्याचा तापमापक कसा चालतो ते विचारलं. अंतरानं बाल्कनीतली चूक स्वतःहून सांगितली. बाई खूश झाल्या. काकांनी मला अंगठा दाखवला.

मग बाई म्हणाल्या, "तीस नोंदींपैकी एकोणतीस बरोबर साडेबाराच्या आहेत. सतरा जुलैची बारा एकेचाळीसची आहे. इतक्या काटेकोर मुलीला अकरा मिनिटं उशीर का झाला?"

मी लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत होते. पाच एकवीसचे पाच बावीस झाले.

"पेटीसमोर एक माणूस पडला होता," ती इंग्रजीत म्हणाली. "तो तिथे खणण्याचं काम करत होता. त्याला उचलून नेईपर्यंत मी थांबले. तो वारला, हे मला नंतर कळलं. माझ्या मूळ वहीत हे लिहिलं आहे. ही मूळ वही नाही."

काकूंच्या हातातलं संत्रं जमिनीवर पडलं. काका हलले नाहीत.

बाईंनी चष्मा काढला. "हे फार गंभीर आहे, बेटा." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मिस उर्वी, सही तुमची आहे. तुम्ही मूळ वही पाहिली होती का? त्यात अशी नोंद होती का?"

उत्तर एका शब्दाचं होतं. काका माझ्याकडे बघत होते. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि बोटं पसरलेली होती, डॉक्टरसमोर बसतात तशी.

"मी पाहिलेल्या वहीत अशी नोंद नव्हती," मी म्हणाले. आणि कोणी विचारलं नसताना पुढे म्हणाले, "चार-पाच आठवडे ती रोज उन्हात जात होती. थकली होती. थोडा गोंधळ झाला असावा."

अंतरानं माझ्याकडे वळून बघितलं नाही. ती पडद्याकडेच बघत राहिली. तिच्या मानेवरची शीर मला बाजूनं दिसत होती.

"आय सी," बाई म्हणाल्या आणि काहीतरी लिहून घेतलं. पुढचा प्रश्न आला नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंनी डब्यातून साबुदाण्याचे वडे पाठवले. बरोबर चिठ्ठी नव्हती. मी ते खाल्ले.

चार दिवसांनी निकालाचा मेल आला. कामाच्या वहीला वीसपैकी शून्य. कारण एका ओळीत दिलं होतं: अर्जदाराचं निवेदन आणि पर्यवेक्षकाचं निवेदन यांत विसंगती; नोंदींची पडताळणी होऊ शकली नाही. माझ्या सहीनं तिला पंधरा मिळायला हवे होते. माझ्याच तोंडानं ते गेले.

त्याच दुपारी अंतरा आली. मी दार उघडलं तर ती आत आली नाही.

"मूळ वही बाबांनी फाडली. माझ्या फोनमधून फोटो मी त्यांच्यासमोर डिलीट केले. तुझ्याकडे आहेत," ती म्हणाली. प्रश्न नव्हता. "तू काहीच डिलीट करत नाहीस. ब्लर्ड फोटोपण ठेवतेस."

"आहेत."

"मला पाठव."

"आता त्या विद्यापीठाला पाठवून उपयोग नाही, अंतरा. फेरी संपली."

"विद्यापीठ?" ती पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलली. "ताई, मी खाली हुसेनअंकलकडे चाललेय."

"आणि बाबा?"

"त्यांना सांगितलं काल. गाडीत."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. सिग्नल ग्रीन झाला तरी गाडी तिथेच. मागचे हॉर्न मारत होते."

मी फोटो पाठवले. ते जायला वेळ लागला. मग मी चपला घातल्या आणि तिच्यामागून जिना उतरले. लिफ्ट चालू होती, पण ती लिफ्टनं गेली नाही.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अंतरानं फोन काउंटरवर ठेवला. हुसेनचाचांनी चष्मा लावला, पान मोठं केलं, लहान केलं. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, पण १७ जुलै आणि १२:४१ त्यांना वाचता आलं. शेजारी मी माझा फोन ठेवला; त्यावर फोटो मला आला ती तारीख आणि वेळ होती, तीही.

"हे आता आणलंस," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "मागच्या सोमवारी मंदूब आला होता, कंपनीचा कागदांचा माणूस. म्हणाला, इथं सही कर, मग मय्यत सोडतो. त्यावर लिहिलेलं होतं, मयत गैरहजर होता, आमची तक्रार नाही. अकरा दिवस पोर फ्रीजरमध्ये होतं. मी काय करणार? केली सही. गुरुवारी म्हसळ्याला दफनसुद्धा झालं."

मागचा सोमवार मुलाखतीच्या आधीचा होता. ज्या बुधवारी पावाची पिशवी घेऊन मी या काउंटरसमोर उभी होते, तो बुधवार त्याच्याही आधीचा. मी तारखा मनातल्या मनात मांडल्या. त्या बुधवारी मी खरं सांगितलं असतं तर ती सही व्हायला अजून पाच दिवस होते.

"सही झाली तरी हे दाखवता येईल," मी म्हणाले. "दूतावासात. कामगार खात्यात."

"दाखवू. दाखवायलाच पाहिजे." ते आपल्या फोनवर नंबर शोधत होते. "पण आधी हिला ऐकव."

त्यांनी स्पीकर चालू करून फोन काउंटरवर ठेवला. पलीकडे कोंबड्यांचा आवाज होता आणि लांब कुठे तरी रिक्षा चालली होती. "जमिला, इथं ती पोर आलीय, जहरावाली," हुसेनचाचा म्हणाले. "तिच्या वहीत आपला अबरार आहे. ऐक."

अंतरा वाचू लागली. एक वाक्य ती इंग्रजीत वाचायची आणि मी ते मराठीत सांगायची. ठरलेली वेळ. प्रत्यक्ष वेळ. तापमान एकोणपन्नास पूर्णांक सहा. चरात चार माणसं कामावर होती. हिरवा रुमाल बांधलेला माणूस.

"हिरवा माझाच दिलेला," जमिलाबाई म्हणाल्या. "वाच."

सावलीत येऊन बसला. मग आडवा झाला. तिघांनी उचललं. अकरा मिनिटं थांबले. आर्द्रतेचं वाक्य अंतरानं वाचलं, मी सांगितलं नाही.

जमिलाबाई म्हणाल्या, "म्हणजे कामावर होता."

"हो," मी म्हणाले.

"पळाला नव्हता."

"नाही."

"पोरी, हे तू त्याच दिवशी लिवलंस?"

"हो," अंतरा मराठीत म्हणाली.

"मग इतके दिवस कुणी दाबून ठेवलं?"

अंतरानं ओठ मिटून घेतले. बापाचं नाव तिच्या तोंडात होतं, ते मला दिसत होतं, आणि ते तिला उच्चारता येत नव्हतं. मी फोन जवळ ओढला.

"मी," मी म्हणाले. "जवळजवळ तीन आठवडे माझ्याकडे होतं. खोट्या वहीवर सही मी केली. मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले."

"तू कोण?"

मी नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. हुसेनचाचांनी कानामागचं पेन काढलं, बिस्किटांच्या खोक्याचा एक कान फाडला आणि म्हणाले, "हळू सांग, बाय. सिव्हिल आयडीचा नंबरपण सांग. आता तूच साक्षीदार."

मी पाकिटातून कार्ड काढलं आणि एकेक आकडा वाचू लागले.